धुकं काढायचं, पण काढून टाकायचं नाही

पौषात लग्नं नसतात. मार्गशीर्षातल्या शेवटच्या लग्नाचा करिझ्मा अल्बम बायंडिंगला गेला, की माघ लागेपर्यंत वाईतल्या आमच्या स्टुडिओत पासपोर्ट फोटोखेरीज फारसं काम उरत नाही. आणि नेमके तेच दिवस कृष्णाकाठी धुई पडायचे. वडिलांच्या हाताखाली रोल धुवायला लागलो तेव्हापासून पौषातल्या पहाटा मी बांधावर घालवतो. वर्षभर दुसऱ्यांसाठी फोटो काढतो, तो एक महिना माझा.

शिकायला येणारी पोरं दरवर्षी एकच तक्रार घेऊन येतात. "दादा, डोळ्यांना भारी दिसत होतं, फोटोत नुसतं राखाडी आलं. एडिट करायला गेलो तर धुकंच गेलं." त्यांना जे सांगतो तेच इथे सलग लिहितो, आणि एकच फोटो धरून सांगतो. त्यात पुढे ओला बांध आणि बांधावर एक बाभूळ आहे. मधे तुटलेल्या उसाचं रान, त्यातून निघालेली बैलांची टायरगाडी, मग आंब्यांची रांग आणि सगळ्यात मागे वैराटगडाची पुसट रेघ.

या फोटोत खरा विषय आहे मधली हवा. बाभूळ, गाडी, आंबे, गड ही ती हवा मोजायची मापं. हे एकदा मनात पक्कं झालं की कुठे उभं राहायचं, काय गाळायचं आणि कोणती स्लायडर कुठे थांबवायची, याची उत्तरं आपोआप मिळत जातात.

आदली संध्याकाळ

धुईचा अंदाज आदल्या संध्याकाळीच येतो. आभाळ निरभ्र हवं, वारा पडलेला हवा आणि रानाला पाणी दिलेलं असलं तर फारच चांगलं. जमिनीची ऊब रात्रभर मोकळ्या आभाळाकडे निघून जाते, जमिनीलगतची हवा गारठते आणि तिच्यातली वाफ बारीक थेंब धरते. ढग आले तर ते पांघरुणासारखी ऊब अडवतात, धुई पडत नाही. वारा सुटला तर गार हवा वरच्या कोरड्या हवेत मिसळून जाते. गार हवा जड असते, म्हणून ती उतारांवरून ओघळत नदीच्या खोलगट भागात साचते. पसरणीच्या घाटात डोक्यावर स्वच्छ आभाळ आणि खाली वाई दुधात बुडालेली, हे दृश्य त्यामुळेच दिसतं.

हवामानाच्या अ‍ॅपात 'ड्यू पॉइंट' दाखवतात, म्हणजे दवबिंदू. पहाटेचं तापमान त्याच्या एक-दोन अंशांच्या आत येणार असेल तर गजर लावावा. माझी जुनी खूण याहून सोपी आहे: रात्री नऊ वाजता अंगणातल्या मोटारसायकलच्या सीटवरून हात फिरवायचा. हात ओला झाला तर पहाटे साडेपाचला निघायचं.

एक गोष्ट मात्र विसरू नये. आपण ज्या धुईची वाट बघतो तिच्यामुळे कांदावाल्याची झोप उडते, कारण तिच्या मागोमाग करपा येतो. आंब्याचा मोहोरही धुईने बिघडतो. कुणाच्या रानात उभं राहून "काय मस्त धुकं पडलंय" असं मोठ्याने म्हणू नये. मी पहिल्या वर्षी म्हणालो होतो. समोरच्या आजोबांनी काही न बोलता रानाकडे तोंड फिरवलं, ते अजून आठवतं.

जागा मात्र दुपारी बघून ठेवायची, पहाटे नाही. धुक्यात वीस पावलांपलीकडचं दिसत नाही, मग मागे गड आहे की मोबाइलचा टॉवर हे कळणार कसं? दुपारी जाऊन दिशा बघायच्या, विजेचे खांब मोजायचे, पाय घसरेल असे पाट कुठे आहेत ते पाहून ठेवायचं. रान ज्याचं आहे त्याला विचारूनही ठेवायचं.

सूर्य कुठून येणार

जानेवारीच्या सुरुवातीला आमच्याकडे सूर्य 7 वाजून 5 ते 10 मिनिटांच्या दरम्यान उगवतो, तोही बरोबर पूर्वेला नव्हे तर दक्षिणेकडे जवळपास 24 अंश सरकून. मे महिन्यात पाहिलेली जागा पौषात फसवते ती यामुळे. आपल्या अक्षांशावर सूर्य बराच उभा चढतो, तासाला साधारण 13 अंश. युरोपातल्या लोकांचे व्हिडिओ बघून पोरं समजतात की सोनेरी ऊन तास-दीड तास टिकतं. आपल्याला मिळतो जेमतेम अर्धा तास. साडेसहाला तिपाई लागलेली असली पाहिजे.

धुक्याचे थेंब उजेड मुख्यतः पुढच्या दिशेने फेकतात. त्यामुळे सूर्याकडे तोंड केलं की धुकं पेटल्यासारखं दिसतं, झाडांच्या मधून उजेडाचे पट्टे उतरतात. सूर्य पाठीशी घेतला की तेच धुकं सपाट, चुना फासल्यासारखं होतं. मला सूर्य अगदी समोर नको असतो. चौकटीच्या थोडा बाहेर, डाव्या हाताला हवा असतो. माझ्या बाभळीच्या बांधावरून पौषात तो वैराटगडाच्या डावीकडे वर येतो, म्हणून ती जागा मी धरली. सुरूर फाट्याकडून वाईला येणाऱ्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी जुने वड आहेत. तिथे तर पारंब्यांच्या मधून उतरणारे पट्टे हाताने धरता येतील असे वाटतात, फक्त गाड्यांची वर्दळ सुरू व्हायच्या आत पोचायला हवं.

आणखी एक निरीक्षण. सूर्य वर आला की पोरं आवराआवर करतात. पण ऊन लागल्यावर पहिली काही मिनिटं धुई उलट दाटते, मग हलायला लागते, मग तिला भोकं पडतात. माझे चांगले फोटो त्या हलण्याच्या वेळेतले आहेत.

चौकट

मी चौकट मागून पुढे बांधतो. आधी सगळ्यात लांबची गोष्ट ठरवायची, इथे ती गडाची रेघ. मग तिच्या पुढची, मग त्याच्या पुढची. तीन थर कमीत कमी, पाच झाले तर गर्दी. प्रत्येक थर मागच्यापेक्षा थोडा गडद दिसतो, कारण मधली हवा जितकी जास्त तितका तिचा पांढरा उजेड त्या वस्तूवर चढतो. डिसेंबरात मेणवलीच्या घाटावर चित्रकलेची मुलं जलरंग करायला बसतात. त्यांच्या मागे उभं राहून बघा: लांबच्या डोंगराला ती भरपूर पाणी घालून जेमतेम रंग लावतात आणि पुढचा बुंधा ब्रशवर घट्ट रंग घेऊन एका फटक्यात ओढतात. मी थर वाचायला शिकलो ते तिथे, कॅमेऱ्याच्या पुस्तकात नाही.

थर एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत. बाभळीचा शेंडा गडाच्या रेघेला टेकला की दोघांमधली सगळी हवा संपते. अशा वेळी झूम फिरवून काही होत नाही, पाय हलवावे लागतात. त्या दिवशी मी बांधावरून उतरून गुडघ्यावर बसलो, तेव्हा शेंडा रेघेच्या पुष्कळ वर गेला आणि फांद्यांच्या मधून गड दिसायला लागला. पण खाली बसल्यावर पुढचं गवत मधल्या रानावर आलं. मग अर्धवट उठून, तिपाईचे पाय कंबरेएवढे करून, मधला मार्ग निघाला. या एका हातभर उंचीसाठी वीस मिनिटं गेली, आणि ती वीस मिनिटं मला फोटोतला सर्वांत मोलाचा भाग वाटतात.

गडद गोष्ट एकच हवी. धुक्यात सगळं फिकट असताना जे काळं असेल तिकडेच नजर जाते. दोन काळ्या गोष्टी दोन टोकांना असल्या की नजर त्यांच्यात येरझाऱ्या घालत राहते. माझी काळी गोष्ट बाभूळ. ती डाव्या बाजूला घेतली आणि उजवीकडची जागा मोकळी सोडली, गाडीला यायला. पोरांना मोकळी जागा भरून टाकावीशी वाटते, तिथे हात आवरायचा.

विजेच्या तारा असल्या तर मला चालतात. खांबांची रांग लहान होत धुक्यात विरते तेव्हा अंतर फार सुंदर कळतं. अर्धवट तुकडा कोपऱ्यात घुसलेला मात्र नको: एकतर पूर्ण घ्या, नाहीतर पूर्ण टाळा.

लेन्सबद्दल थोडंच सांगतो. रुंद लेन्सने गड मुंगीएवढा होतो. 70 ते 200 मिलिमीटरच्या मधलं काहीही चालतं, माझा हा फोटो 135 वर आहे. मोबाइल असेल तर दोनपट किंवा तीनपट झूमची वेगळी लेन्स वापरा, बोटांनी ताणलेला झूम नको.

माणसं आणि धूर

या दिवसांत आमच्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या असतात, बऱ्याचशा बीडकडच्या. रानाच्या कडेला त्यांच्या कोप्या, पहाटे चारपासून चुली पेटलेल्या. थंडीत तो धूर सरळ वर चढतो आणि ठरावीक उंचीवर जाऊन झाकण लागल्यासारखा आडवा पसरतो, कारण तिथून वरची हवा खालच्या हवेपेक्षा उबदार असते. गुऱ्हाळाच्या चुलवणाचा धूरही असाच पसरतो. ही आडवी पट्टी आयती मिळालेली रेघ असते, तिला चौकटीत जागा द्या.

पण कोपी हे कुणाचं तरी घर आहे, त्याला फक्त भिंत नाही. मी आधी कॅमेरा पिशवीत ठेवून जातो, बोलतो, विचारतो. एका ताईंनी मला सांगितलं, "काढा की, पण लेकराला न्हाऊ घालायलेय, इकडून नको." मी उलट्या बाजूला गेलो. टायरगाडीवाल्या मामांनाही विचारलं होतं. ते म्हणाले, "थांबायला लावू नका, बैल गार पडत्यात." बरोबर होतं त्यांचं. मी त्यांना थांबवलं नाही, ते येतील तिथे मी थांबलो.

कॅमेरा आणि उजेड

कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं धरून चालतं. धुकं त्याहून उजळ असतं, म्हणून मीटर ते दाबून मळकट करतं. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरच्या हिशोबात आपण केलेली दुरुस्ती, दोन-तृतीयांश ते एक स्टॉप अधिक ठेवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). हिस्टोग्रामचा, म्हणजे पडद्यावरच्या उजेडाच्या आलेखाचा, डोंगर उजवीकडे सरकेल, पण उजव्या भिंतीला आदळता कामा नये. सूर्याजवळचा भाग एकदा पांढरा जळला की पुढे काही करता येत नाही.

बाकी आकडे साधे: एफ 8, आयएसओ 100, तिपाई, दोन सेकंदांचा टायमर आणि रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल. गाडी चालती असेल तर शटर 1/250 च्या खाली नको, त्यासाठी आयएसओ 400-800 झाला तरी खुशाल. ऑटोफोकस धुक्यात भरकटतो, त्याला बाभळीच्या बुंध्याची कड दाखवा आणि मग मॅन्युअलवर टाका. लेन्सच्या काचेवर दव बसतं, म्हणून सुती धुवट धोतराचा तुकडा खिशात ठेवतो. दर पाच मिनिटांनी काच बघायची. लेन्सवरच्या दवाने येणारं मळभ आणि खरी धुई यांतला फरक छोट्या पडद्यावर कळत नाही, घरी आल्यावर कळतो.

मोबाइलवाल्यांसाठी: एचडीआर प्रत्येक सावली उघडतं आणि सगळे थर एका पातळीला आणतं. बंद करता येत असेल तर करा. प्रो मोडमध्ये रॉ मिळत असेल तर तेच घ्या.

एडिटिंग

त्याच दिवशी एडिट करायला बसू नका. पहाटेची थंडी अंगात असते, फोटोत नसलेलंही दिसत राहतं. एक रात्र जाऊ द्या.

मी लाइटरूम वापरतो. डार्कटेबल फुकट आहे आणि तेही सगळं करतं, मोबाइलवर स्नॅपसीड पुरतं. क्रम माझा ठरलेला आहे.

आधी व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोचा रंग किती उबदार किंवा गार ते. ऑटोला पहाटेचा निळसरपणा चूक वाटते आणि तो पुसून टाकतो. मी 5200 ते 5500 केल्विनच्या मधे, म्हणजे दिवसाच्या उजेडाला, ठेवतो. मग ऊन लागलेलं धुकं आपोआप पिवळसर राहतं आणि सावलीतलं निळसर. हे दोन रंग शेजारी असले की थंडी जाणवते. दोन्ही उबदार केले तर तो चैत्र वाटायला लागतो.

मग एक्सपोजर. रानात एक स्टॉप वाढवून आणलं होतं, इथे 0.3 खाली घेतलं. हायलाइट उणे 25. शॅडोला हात लावला नाही. लग्नाच्या कामाने आम्हा स्टुडिओवाल्यांच्या हाताला वाईट सवय लावली आहे: नवरदेवाच्या काळ्या कोटाची घडी दिसलीच पाहिजे, म्हणून शॅडो उघडत राहायचं. इथे बाभळीचं खोड काळंच राहू द्या. पूर्ण काळा ठिपका फोटोत फक्त त्या खोडात असावा, आंब्यांच्या रांगेत नको आणि गडात तर मुळीच नको. ब्लॅकची स्लायडर खाली ओढताना मी लांबच्या थराकडे बघत राहतो. तो गडद व्हायला लागला की थांबतो.

आता डीहेझ, म्हणजे धुकं काढणारी स्लायडर. नावातच त्याचं काम आहे, आणि आपल्याला नेमकं ते नको आहे. पोरं ते उजवीकडे ओढतात, फोटो एकदम 'उठतो', आणि चार थरांचे दोन होतात. फार वर्षांपूर्वी मीही एका कॅलेंडरसाठी असाच फोटो दिला होता. छापून आल्यावर गड असा समोर आला होता जणू हातभर अंतरावर आहे. पूर्ण फोटोवर डीहेझ शून्य ठेवा. खालून वर एक लिनिअर ग्रेडियंट मास्क (बदल फोटोच्या एका भागालाच, कडेला विरत जाईल असा लावणारं हत्यार) घेऊन फक्त बांधाच्या भागावर अधिक 10-12 द्या, म्हणजे ओली माती आणि गवत जवळ येतं. वरून खाली दुसरा मास्क घ्या आणि लांबच्या भागावर उणे 8-10. उणे बाजूला गेलं की ते धुकं घालतं. हे फार सांभाळून करायचं. नसलेलं धुकं घालण्यासाठी नव्हे, रानात डोळ्यांना जेवढं दिसलं होतं तेवढंच परत आणण्यासाठी. क्लॅरिटी आणि टेक्श्चर या तपशील उठवणाऱ्या स्लायडरनाही हाच नियम: पुढच्या भागात चिमूटभर, मागे शून्य किंवा उणे. स्नॅपसीडमधलं 'स्ट्रक्चर' आणि 'अ‍ॅम्बियन्स' या फोटोंना मारक आहेत, तिथे कर्व्ह्ज आणि सिलेक्टिव्ह एवढीच हत्यारं घ्या.

रंगात मी हिरवा थोडा उतरवतो, उणे 10-15. कॅमेऱ्याचा हिरवा फार बोलका असतो आणि दवाने भिजलेलं गवत खरं तर राखाडीकडे झुकलेलं असतं. गाडीच्या आसपास एक मोठा, मऊ कडांचा गोल मास्क घेऊन उजेड 0.2 ने वाढवला. मास्क आहे हे बघणाऱ्याला कळलं तर तो जास्त झाला.

शार्पनिंग फक्त कडांना. लाइटरूममध्ये ऑल्ट दाबून मास्किंग ओढलं की कुठे लागतंय ते पांढऱ्यात दिसतं. धुक्याचा भाग पूर्ण काळा दिसला पाहिजे. धुक्यात अजून एक त्रास होतो: राखाडीच्या सलग छटेत पायऱ्या पडतात, तवंगासारख्या. रॉवरच काम करा, जेपेग सर्वांत वरच्या गुणवत्तेत काढा, आणि तरीही पायऱ्या दिसल्या तर थोडा ग्रेन, म्हणजे बारीक दाणे, घाला. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आभाळ बदलणं, पक्ष्यांचा थवा चिकटवणं, दुसऱ्या दिवसाचा सूर्य आणून बसवणं मी करत नाही. प्री-वेडिंगमध्ये गिऱ्हाईक मागतं म्हणून करतो, रानाच्या फोटोत नाही. गावातल्या माणसाला तो फोटो दाखवायचा असतो आणि सूर्य कुठून उगवतो हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

कागदावर

धुक्याचा फोटो मॅट कागदावर छापा. ग्लॉसीवर खोलीतल्या दिव्याची चमक नेमकी फिकट भागावर बसते आणि तिथेच तर सगळं असतं. छापण्याआधी स्क्रीनचा ब्राइटनेस निम्म्यावर आणा. उजळ स्क्रीनवर बरोबर वाटलेला फोटो कागदावर हमखास गडद येतो. मोठी प्रिंट काढायच्या आधी 4 बाय 6 ची एक काढून दिवसभर काउंटरवर ठेवतो. येता-जाता नजर पडते, आणि संध्याकाळपर्यंत कुठे हात जास्त चालला ते कळतं.

बाभळीच्या फोटोची 12 बाय 18 ची प्रिंट मी त्या रानाच्या मालकांना, आबांना, नेऊन दिली. त्यांनी ती ओसरीवर उजेडात धरली. बाभळीकडे त्यांनी बघितलंच नाही, गाडीकडेही नाही. आंब्यांच्या रांगेच्या मागे, जिथे राखाडीत राखाडी मिसळलंय तिथे एक चौकोनी पुसट डाग आहे, मी तो एडिट करताना शेवटपर्यंत कशाचा आहे ते ओळखलं नव्हतं. आबांनी त्यावर बोट ठेवलं आणि आत हाक मारली, "अगं, आपली हिरीवरची खोली बी आलीया बघ."